लाकडातसून

भाग सतरावा. गुरुवार, रात्री साडेआठ.
मासेमारी बंदीचा एकोणिसावा दिवस.
देवगड बंदरात सोसायटीच्या ऑफिसात
लोखंडी कपाटावर टीव्ही, कपाटात डिझेलच्या पावत्या,
आणि समोर बावीस माणसं, ज्यांना सध्या समुद्र नाही.

म्हणून अंतराळ.

'ध्रुवापार' आम्ही पहिल्या भागापासून बघतो.
आधी हसायला बघायचो.
यान म्हणजे थर्माकोल,
आणि ग्रह म्हणजे लाल बल्ब लावलेली चिऱ्याची खाण,
असं पास्कू म्हणायचा.
मग कधीतरी हसणं राहिलं.
आता जाहिराती लागल्या की लोक हळू आवाजात बोलतात,
मयताच्या घरी बोलतात तसे.

तर सतराव्या भागात यानाची हवा गळते.
सहा जणांपुरती उरते. माणसं सात.
सातवा बाहेर गेलेला, फाटलेला पत्रा जोडायला,
आणि कप्तानीण आतून दार लावते.
तो ठोकतो.
ठक. ठक ठक.
ती डोळे मिटते. नावं वर सरकायला लागतात.

मग सगळे एकदम.
पास्कू फर्नांडिस, इंजिनवाला, माझा कॅल्क्युलेटर ओढून घेत:
"सहांची हवा सातांत वाटली तर
तास कमी होतत. माणूस नाय."
बाबल्या म्हणाला, पुढच्या भागात येतलो बघ,
एवढो पगार घेता, असो मरूचो नाय.
सुलभा खवणेकर लिलावाच्या आवाजात:
"मगे ती रात्री जेवली काय?
तां दाखवूक होयां होतां."
ह्यावर कोणाला काही सुचेना.

मुदस्सर सोलकर दहावीत आहे.
चष्मा शर्टाला पुसत म्हणाला,
"मुळातच चूक आहे. पोकळीतून आवाज जात नाही.
त्याने कितीही ठोकलं
तरी तिला ऐकू येणारच नाही."

खोलीत जरा बरं वाटलं.
विज्ञानाने एका बाईला जामिनावर सोडवलं, असं काहीतरी.
कोणीतरी चहाचे ग्लास गोळा करायला उठलं.

तेव्हा मागून, चपलांच्या ढिगाजवळून, दाजी सारंग:
"ऐकाक येता."

एवढंच. आणि छत्री न घेता गेला.

मी कारकून. बोलणं माझं काम नाही, लिहिणं आहे.
त्या नोव्हेंबरच्या वादळाचं रजिस्टर माझ्याच हातचं:
तांडेल, वासुदेव सारंग.
गेले आठ. आले सात.
कारणाच्या रकान्यात मी रेघ ओढली होती,
पट्टी लावून, सरळ.
अक्षर चांगलं आहे माझं, सगळे म्हणतात.

सोमवारी मुदस्सर शाळेतून तडक बंदरावर आला.
झापांखाली दाजी फळ्यांच्या सांध्यात
कापूस ठोकून बसवत होता.
"आजोबा, माझंच चुकलं. सरांना विचारलं मी.
पोकळीतून नाही जात आवाज,
पण त्याचा हात पत्र्याला लागतो ना,
मग लोखंडातून जातो. आत ऐकू येणार."

मी छत्री परत द्यायला गेलो होतो, म्हणून तिथे.
दाजीने हातोडी खाली ठेवली नाही.
पोराला जवळ बोलावलं,
त्याचा तळवा धरून होडीच्या बुडाला टेकवला,
आणि पलीकडून एकदा, हलकेच, मारलं.
"कळला? तुझ्या सरांका सांग,
लाकडातसून पण जाता."

पोरगा खूश होऊन हसला.
वहीत लिहून घेतलं त्याने.

अठराव्या भागाला पाऊस आडवा होता.
दाजी दाराशीच बसला, एक पाय उंबऱ्याबाहेर.
सुलभा म्हणाली, दार ओढा रे कोणीतरी, पाणी आत येता.
कोणी ओढलं नाही.
मी पावत्या उचलल्या
आणि वरच्या खणात ठेवल्या.