दोनास पाच

त्या गावात निळीला निला म्हणतात.
शब्द ओळखीचा वाटतो,
कधीकाळी गलबतातून गेला असेल, पुडीत बांधून.
चुन्याला मात्र जीर.
शाबान महिना लागला
की रिफच्या उतारावरचं अख्खं शेफशाउएन
बादल्या बाहेर काढतं.

खालती तामोचं माप म्हणजे सार्डिनचा रिकामा डबा.
दोन डबे निला, पाच डबे जीर,
पाणी हाताला कळेल तितकं.
काल तिनं दारापर्यंत रंगवलं
आणि आज कंबर धरून बसली.
म्हणाली, रहीमो, पुढची भिंत तुझी.

रहीमो बारा वर्षांची, हिशेबात चलाख.
भिंत मोठी, म्हणून निला घेतला तीन डबे.
इकडे एक वाढवला ना?
मग तिकडेही एक.
तीनास सहा.
दोन्हीकडे सारखीच भर,
यात अन्याय कुठे आला?

ओला रंग थापा मारतो.
ओली असताना प्रत्येक निळाई
सारखीच गडद, सारखीच शहाणी.
रहीमोनं अर्धी बादली भिंतीवर चढवली,
भाकरी खाऊन आली,
आणि ऊन गल्लीतून उतरेपर्यंत
दाराशेजारी रेघ उमटली होती.
रेघेच्या अलीकडे सकाळ, पलीकडे दिवेलागण.

समोरच्या पायरीवरून सी अलाल
पुदिन्याचा चहा फुंकत म्हणाला,
"दोन बहिणींनी रंगवलंय वाटतं.
अबोला धरलेल्या."

खालती रागावली नाही.
तिनं पायरीवर ऑलिव्ह मांडली,
दोन काळी, पाच हिरवी.
"हे एक घर."
शेजारी तसंच दुसरं. चार, दहा.
मग तिसरं. सहा, पंधरा.
"गल्ली वाटेल तितकी लांबव,
दर दोन काळ्यांमागे पाच हिरवी हवीतच.
तू काळं एक जास्त आणलंस
आणि त्याच्याबरोबर हिरवंही एकच.
एका काळ्याच्या वाट्याला किती येतात?"

रहीमोनं एक हिरवं दातांनी अर्धं केलं,
बी गल्लीत थुंकली.
अडीच.
म्हणजे तिघांचे साडेसात.
तोंडातलं अर्धं ती गिळून बसली होती,
पण हिशेबात ते धरलं.

इथं मला मध्येच बोलायचंय.
आपण याला गुणोत्तर म्हणतो.
नावातच लिहून ठेवलंय की गुणा.
बेरजोत्तर असा शब्द मराठीत नाही,
आणि मी सातवीत
अख्खं वर्ष तोच शोधत होते.

"मग दीड डबा जीर ओतते," रहीमो उठली.
"ओत की," खालती म्हणाली,
"आणि उद्या दुसरी रेघ बघ."

रहीमो बादलीवर वाकून उभी राहिली.
अर्धा रंग भिंतीवर गेला होता, अर्धा उरला होता.
रंग अर्धा झाला,
चूक अर्धी झाली नव्हती.
तळाच्या शेवटच्या थेंबातही
ती तीनास सहाच होती,
थेंबाएवढी, पण पूर्ण.
फक्त ती बुजवायला लागणारा चुना
आता अर्धाच पुरणार होता.
दीडाचा अर्धा.

"पाऊण," ती म्हणाली.
खालतीनं नुसता डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी, सगळं वाळल्यावर,
पलीकडची भिंत अलीकडच्या भिंतीला ओळखू लागली.
मधला पट्टा, दोन हात रुंद, गडद,
खालतीनं तसाच राहू दिला.
पुढच्या शाबानपर्यंत.
सी अलालनं आता खुर्ची तिथेच टाकलीय,
म्हणतो, इथं सावली जास्त गार आहे.

डबा मात्र मांजरानं पळवला.
इतक्या भिंती झाल्या तरी
त्याला अजून सार्डिनचा वास होता.
पायऱ्यांवरून निळी पावलं उमटत गेली,
खाली, आणखी खाली, फिकट होत,
आणि रहीमो त्यांच्यामागे वाकून वाकून चालली,
एका पावलात निला किती
आणि मांजर किती, ते बघत.