वाटा

माझं पंचांग वेगळं.
अवसेला, पुनवेला तळाशीलची ओहोटी लांब जाते,
ओली वाळू घट्ट होते फरशीसारखी,
तेव्हा दोन कोस मिळतात.
भांगाच्या दिवसांत नुसते अंगणात दंड.

पहिली खुर्ची दाद्याने जोडली.
दर पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने बेअरिंग खाल्लं.
पुढची परदेशातून आली, दाद्याच्या होडीहून महाग,
तिलाही तो मोरीचंच तेल लावतो.

सोळा वर्षं.
फाटलेल्या हातमोज्यांचं एक पोतं.
उजवा खांदा आता
वारं फिरायच्या आधीच सांगतो.

शेवटची शर्यत फार दूर, एका थंड गावी.
ट्रॅक सपाट, मीठ नाही कुठे.
चौथी.
अकरा शतांश सेकंदांनी.

परतले तेव्हा रापण किनाऱ्याला लागत होती.
शेवंती मेथरने दोर न सोडता विचारलं,
"कितवी इलंस?"
"चौथी."
"काय गावला?"
"काय नाय."

मग वाटे पडले. माणसांचे, होडीचा, जाळ्याचा.
आणि एक ओंजळ तारल्या
तिने माझ्या मांडीवर ओतल्या.
"दोर वढलंस मा?
मगे."

मांड्यांना गारवा कळला नाही.
तळव्यांच्या घट्ट्यांना कळला.