ऱ्हस्व उकार

किनवटहून सुटलेली एसटी घाट उतरून
जिथं कंडक्टर नुसतं "हं, पोडवाले" म्हणतो
तिथं मी उतरलो. पिशवीत संहितेच्या सात झेरॉक्स,
पुठ्ठ्याचे मुखवटे, आणि नांदेडच्या दुकानातलं
चकाकणारं हिरवं कापड. जंगल म्हणून.
जंगल चारी बाजूंनी उभं होतं.
कोणी काही बोललं नाही.

नाटक माझं होतं. दोन गावं, मधे नदी,
शेवटी सगळी मुलं हातात हात घालून म्हणणार
चला रे चला, पूल बांधू!
किती शाळांत केलेलं. टाळ्यांची जागा ठरलेली.
इथं पहिल्याच वाचनाला मी हात पसरून ओरडलो,
"पूल! तो बघा पूल!"
आणि पहिली-दुसरीची अख्खी रांग
चपला टाकून पळाली.
लेतु टेकाम तेवढी दारामागून डोकावली.
"सर, कुठाय?"

गेडाम गुरुजींना हसता हसता ठसका लागला.
कोलामीत पुल म्हणजे वाघ.

मी लिहिलेला दीर्घ ऊकार
या एका खोलीत ऱ्हस्व झाला होता.
बारा वर्षांत एकाही परीक्षकानं
माझी एवढी मोठी चूक काढली नव्हती.

संध्याकाळी पोतू आत्राम बांबू चिरत बसलेला.
कांबीवरून नजर न काढता म्हणाला,
"वाघ बांधू म्हनता. बांधून ठिवनार कुठं?"
तिथून नाटक सुरू झालं.
सातही झेरॉक्स पाठकोऱ्या कामी आल्या.

मग रविवारमागून रविवार.
मी डरकाळी फोडून दाखवली तर
मुत्तुबाईनं तोंडाला पदर लावला.
वाघ ऐकू येत नाही म्हणाली.
आधी वानर खोकतं,
मग मोर,
मग काहीच नाही.
ते काहीच-नाही
मुलांनी तालमीत इतकं नीट केलं
की बाहेरची शेळीसुद्धा
चघळायची थांबली. (हे मी थोडं वाढवून सांगतोय.)

देवघरातला ढोल मागितला.
"तो नाही," पोतू म्हणाला.
कारण विचारलं. "त्याचं काम येगळं हाय."
अनुदानाच्या अर्जात मी लिहून बसलो होतो
पारंपरिक वाद्यांचा समावेश.
ती ओळ खोडली. इसरूनं तेलाचा डबा आणला,
रिकामा, एका कोपऱ्यात चेपलेला,
आणि त्या चेपातूनच सगळा ताल काढला.

एका रात्री पोतूनं वाघाची एक गोष्ट सांगितली.
लांबलचक. शेकोटी दोनदा विझली.
माझी वही उघडी पाहून म्हणाला,
"हे ऐकायचं. करायचं नाही."
मी वही मिटली.
इथंही ती गोष्ट नाही.

सगळं गोडच झालं असं नाही.
दोन मुलं कापसाच्या वेचणीला गेली ती परत आली नाहीत,
त्यांची वाक्यं इतरांनी वाटून घेतली.
इंजिनिअरचं काम मला दिलं :
टोपी घालून यायचं, नकाशा उलटा धरायचा,
"पूल होणार!" म्हणायचं,
आणि गाव का पळतंय ते शेवटपर्यंत
कळू द्यायचं नाही. मला जमलं.
लेतु म्हणाली, सर लई खरं करतात.

नांदेडला प्रयोग. पोस्टर छापून आले
आणि छापखान्यातल्या कुण्या भल्या माणसानं
चाळीसच्या चाळीस पोस्टरांवर
नाटकाचं नाव शुद्ध करून टाकलेलं.
पूल.

मी फोनवर भांडत राहिलो.
तोवर लेतु आणि इसरू
काळं स्केचपेन आणि खडूची पांढरी भुकटी घेऊन
सभागृहाच्या पायऱ्यांवर बसले,
एकेका ऊकाराचं शेपूट
कापत.

कुणी आजोबा नातवाला घेऊन थांबले, वाकले,
चष्मा सारखा करून म्हणाले,
"बाळ, हा ऊकार दीर्घ असतो."

लेतुनं पेनाला टोपण लावलं.
"तुमचा असल.
आमचा आत बसलाय.
या, पण चपला हातात घिऊन बसा."