अनुभवाचा दाखला

प्रशिक गजभिये आला तो भर दुपारी दोनला,
मे महिन्यात, हेल्मेटखाली ओला दुपट्टा.
दारातच म्हणाला,
"सर, तेवढं एक लेटर पाह्यजे होतं जी."

कूलरच्या घरघरीत मला आधी ऐकूच आलं नाही.
मग त्याने फाइल उघडली.
वय : इतके गुण.
शिक्षण : आयटीआय, टर्नर, इतके.
इंग्रजी : दोनदा अडकला. आवडत्या जागेबद्दल बोला म्हणाले,
अंबाझरीचा ओव्हरफ्लो डोळ्यांसमोर आला
आणि दोन मिनिटं तोंडातून शब्द नाही. तिसऱ्यांदा जमलं.
अनुभव : रिकामं.
"तुमच्याकडचे चार वर्षं, सर. बाकीचं ते धरत नाहीत."
बाकीचं म्हणजे पार्सलची गाडी,
माझी शेड बंद झाल्यापासून.

हिंगण्याच्या त्या शेडमध्ये आता कुणी पाण्याचे कॅन भरतो.
लेटरहेड मात्र उरलीत, अर्धा गठ्ठा,
नलिनी पाठीमागे किराण्याची यादी लिहिते.
वर फोन नंबर सहा आकडी.

कॅनडाला हवं आहे :
पद, पगार, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, मुद्देसूद.
मी लिहिलं, लेथ चालवणे.
खोडलं.
लिहिलं, ड्रॉइंग वाचून शाफ्ट, बुश, फ्लँज तयार करणे.
खोटं नाही. पण
कोराडीहून रात्री साडेअकराला आलेला तो शाफ्ट,
सकाळच्या आत परत हवा होता,
आणि हा मशीनवर तळहात ठेवून नुसता उभा, डोळे मिटून.
"बेअरिंग बोलून राह्यलं, सर."
हे कुठल्या मुद्द्यात घालू?
नखाने चर तपासायचा तो.
मायक्रोमीटर नंतर, माझ्या समाधानासाठी.

आठवड्याचे तास, अठ्ठेचाळीस.
तो खाली बघून हसला.
मीही.

मग तारीख. रुजू झाल्याची.
मस्टरवर त्याचं नाव ऑगस्टपासून,
आला होता आदल्या वर्षीच्या जूनमध्ये.
चौदा महिने मी त्याला हेल्पर म्हणत होतो,
हातात पाकीट, सही नाही, पीएफ नाही.
सगळेच तसं करायचे, असं मी नलिनीला तेव्हाही सांगितलं होतं.
दरमहा काहीशे वाचत.
ऑफिसातला पंखा त्यातूनच आला.

कागदावर दोन वर्षं दहा महिने.
त्यांना तीन वर्षं हवीत.
आणि एकवीस जूनला याला चाळीस पूर्ण,
त्या दिवसापासून वयाचेही गुण कमी.

मी म्हणालो, जूनच टाकतो.
"नको जी. कागदावर हाये तेवढंच लिहा.
ते लोक फोन करतेत."
आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

नलिनी आतून उचलीची वही घेऊन आली.
केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.
लाल पुठ्ठा, शिसपेन्सिल, माझंच अक्षर.
प्रशिक ग., तीनशे, आईचा चष्मा.
प्रशिक ग., ड्रिल बिट तुटला, चाळीस वजा.
प्रशिक ग., दसरा, दीक्षाभूमी, एक दिवस कापला.
मारबतीच्या दिवशी अर्धा दिवस, तोही कापलेला.
चौदाच्या चौदा महिने तो तिथे होता,
याचा एवढाच पुरावा :
मी काय काय कापलं.

हे चालेल का कुणाला ठाऊक.
सदरमध्ये एक नोटरी आहे म्हणाला, भाषांतरही करून देतो.
मी वही टेबलावर उघडी धरली,
पानं कूलरच्या वाऱ्याने उडत होती,
तो मोबाइल घेऊन वाकला,
एकेक पान, नीट, घाई न करता,
जसा कधीकाळी जॉब लावायचा.
तिसऱ्या पानावर थांबला.

"सर," म्हणाला, "अंगठा काढा जरा.
त्याच्याखाली तारीख हाये."