वल्हं दातांत धरून

हारुनाच्या उजव्या हाताला अडीच बोटं.
पाण्याखाली सगळं बोलणं बोटांचं,
म्हणून पहिल्या दिवशी त्यानं हवा किती उरलीय विचारलं
आणि मी त्याला जवळून जाणारे मासे मोजून दाखवले.
नळी तोंडात धरूनही माणूस हसू शकतो,
हे त्याच्या मास्कमध्ये शिरलेल्या पाण्यावरून कळलं.

सुलावेसीच्या या कडेला
गाव खांबांवर उभं, अंगण भरती-ओहोटीचं.
हारुनाचे कान दहाव्या वर्षीच फुटले, बुड्या मारून.
"रक्त आलं, आठ दिवस पडून होतो,
मग समुद्राला दार उघडंच सापडलं,"
म्हणतो. मोठ्यानं म्हणतो, पलीकडच्या होडीलाही ऐकू जाईल असं.

बारा मीटर. लाल रंग आधी जातो.
मनगटाला पोवळ्याचा ओरखडा, त्यातून
हिरवा धूर निघावा तसं रक्त.
मी बघत राहिले,
जखम कुणा दुसऱ्याची असावी तशी.

भिंतीवर जांभळे पंखे, प्रवाहात तिरपे.
निळ्या ओठांचा राक्षसी शिंपला
माझी सावली पडताच मिटला.
एक म्हातारं कासव कपारीत डोकं खुपसून
पाठ खाजवत होतं, आम्हाला
हिंग लावूनसुद्धा विचारलं नाही त्यानं.

मग भिंत संपते.
पुढं नुसता चुरा, करडा, फुटबॉलच्या मैदानाएवढा.
काही रुजत नाही त्यात,
कारण चुरा स्वतःच जागेवर राहत नाही.
हारुना तिथं थांबला,
मूठ मिटली, उघडली:
फट्.

वर आल्यावर त्यानं काही सांगितलं नाही.
रोस्मिनानं सांगितलं, त्याच्या नातीनं, सिलिंडर भरता भरता.
बाटल्या फेकायचे तेव्हा सगळेच.
पांढरी पोटं वर करून मासे यायचे, होडी भरायची.
एक बाटली हातातच गेली.
"आजोबांची बोटं खालीच आहेत. म्हणून रोज जातात."
कॉम्प्रेसरचा आवाज फार होता,
मी पुन्हा विचारलं नाही.

चुऱ्यावर आता लोखंडी चौकटी.
त्यांना पोवळ्याचे जिवंत तुकडे दोरीनं बांधायचे.
मी सात बांधले, चार सुटले.
त्याचे सुटत नाहीत.
वर, होडीवर, गाठ मारताना त्याची जीभ बाहेर येते,
खालीही येत असेल, नळीच्या मागं.
वर्षाला एक पेर वाढतं, त्यानं खुणेनं सांगितलं.
कुठल्या बोटाचं, ते विचारू नये.

संध्याकाळी इंजिन बंद करून
त्यानं वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
"कान गेले. दात आहेत."
मग वल्हं माझ्याकडे.

मीठ, डिझेल, आणि लाकडात
त्याच्या दातांनी पाडलेली खाच.
आधी माझ्याच छातीचे ठोके.
मग खालून, कवटीच्या आत,
तव्यावर मोहरी तडतडावी तसं काही,
नखाएवढ्या कोळंब्या आपल्या नांग्या वाजवत,
सगळी भिंत स्वयंपाकाला लागलेली.

त्यानं होडी हळूच चुऱ्याकडे वळवली
आणि भुवया उंचावल्या: इथं?
मी खूप वेळ वल्हं धरून होते.
जबडा दुखायला लागला.
एक बोट दाखवलं.
मग, खात्री नव्हती तरी,
दुसरं अर्धं.