हातचा

बाबांनी पिवळ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
अ‍ॅक्रनच्या टायर कंपनीत एकतीस वर्षं
रबराचे नमुने तोलले त्यांनी,
दशांशचिन्हापुढे चार घरं,
श्वास रोखून, काटा हलू नये म्हणून.
आज पारड्यात माझी डिग्री.

नावे: अडतीस हजार दोनशे बारा डॉलर.
वर व्याज. ते रात्रीचंही जागं असतं,
माझ्यासारखंच, माझी नाइट शिफ्ट असते.
जमा: ताशी सतरा डॉलर चाळीस सेंट.
त्यातून टॅक्स, भाडं, गाडीचा इन्शुरन्स,
अठ्ठावीस तारखेचा हप्ता,
आणि मागच्या महिन्यात दाढ.

'सायकॉलॉजी,' बाबा म्हणाले,
उसने नेऊन परत न आलेल्या
एखाद्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं.
'नुसती बॅचलर म्हणजे अर्धा पूल.
पलीकडे जायचं तर मास्टर्स. म्हणजे आणखी साठ.'
साठ म्हणजे साठ हजार.
हजार हा शब्द आमच्या घरात हल्ली
कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

खोटं कुठे बोलतायत ते?
जाहिराती मीही वाचते. वर 'पदवी आवश्यक',
खाली पगार,
कोपऱ्यावरच्या कार वॉशपेक्षा दीड डॉलर जास्त.
माझ्याबरोबरची ब्रियाना विमा कंपनीत लागली.
लोक खोटं सांगताना कुठे थांबतात ते ओळखते,
आणि त्याचे बरे पैसे मिळतात.

बुडालेल्या पैशापायी माणूस आणखी पैसे का बुडवतो
याला आमच्या विषयात एक नाव आहे.
दुसऱ्या वर्षी परीक्षेत आलं होतं.
मी उदाहरणासकट लिहिलं, सातपैकी सात.
मग तिसऱ्या वर्षाची फी भरली.

एक गोष्ट मात्र रेघेच्या कुठल्या बाजूला मांडू कळेना.
डेलबर्ट. वय एकसष्ट. बोलत नाही.
आमच्या ग्रुप होममध्ये अठरा वर्षं आहे,
पहाटे उठून स्वतःचं मनगट चावतो.
ऑक्टोबरात एका रात्रीत चाळीसदा.
फायलीत गोळ्या वाढत गेलेल्या, दुसरं काही नाही.
मी तक्ता ठेवला, शिकवला होता तसा:
आधी काय झालं, मग काय केलं, नंतर काय झालं.
सहा आठवडे. वही, पेन्सिल, घड्याळ.
आणि एका रात्री ऐकू आलं.
भिंतीपलीकडच्या फ्रिजची मोटर सुरू व्हायची,
आणि त्याचा हात तोंडाकडे जायचा.
एवढंच होतं.
फ्रिज गॅरेजमध्ये हलवला.
हलवायला दोन माणसं आली, त्यांना शंभर डॉलर दिले.
तक्त्याचे मला वेगळे काही नाहीत.
जानेवारीत आकडा सहावर आला.

हे मी सांगितलं, जरा घाईनेच,
फुशारकी वाटू नये म्हणून.
बाबा पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.
मग प्रयोगशाळेतल्या आवाजात विचारलं,
'उरलेले सहा कशाने?'
'अजून नाही कळलं.'
'हं,' म्हणाले. 'शोध.'

तरी बेरीज केलीच त्यांनी. खालून वर, मग वरून खाली.
उत्तर तेच. उजवी बाजू जड.
त्यांनी ते माझ्यापासून लपवलं नाही,
अधोरेखितही केलं नाही.
फक्त डाव्या रकान्याच्या माथ्यावर,
हातचा लिहितात तसा बारीक,
एक सहा लिहिला,
पुढच्या घरात मिळवायचा म्हणून.
पुढचं घर कोरंच होतं.

तेवढ्यात आई बाहेरून आली, लाल नाक, बोटं बधिर.
साडेनऊ झाले होते.
म्हणाली, 'काच खरवडलीय गाडीची.
पण लगेच निघ गं,
पुन्हा धरतंय.'