पाच मिली

दिंडोरी नाक्यावरच्या माझ्या दुकानात
दिवसभर एकच प्रश्न,
"भाऊ, लिटरला किती टाकू?"
आणि मी मान वर न करता सांगतो,
डावणीला दोन ग्रॅम, भुरीला अर्धा मिली,
वारा पडल्यावर मारा.
कितीतरी बागा माझ्या तोंडी हिशेबावर उभ्या आहेत.

रात्री म्हसरूळच्या तिसऱ्या मजल्यावर
अडीच वर्षांच्या एका तोंडात
मला पाच मिली घालता येत नाहीत.

ताप एकशे दोन.
बागूल डॉक्टरांचं अक्षर नेहमीसारखंच,
पण पाचचा आकडा स्वच्छ.
बाटलीवर स्ट्रॉबेरीचं चित्र.
दुर्वाने चित्र पाहिलं, मला पाहिलं,
आणि शटर पाडून वरून कुलूप.

सुवर्णाने शिऱ्यात कालवलं.
तिने बेदाणे तेवढे वेचून खाल्ले,
वाटी परत केली.
मी म्हटलं, तपोवनातली माकडं दाखवतो.
ती म्हणाली, "माकडाला दे."
खालच्या पगार वहिनी आल्या,
म्हणाल्या, नाक दाबा, तोंड आपोआप उघडतं.
दाबलं. उघडलं.
उशीवर, माझ्या बनियनवर,
वहिनींच्या नव्या गाऊनवर गुलाबी शिंतोडे.
वहिनी "असू दे, असू दे" करत गेल्या,
जिन्यात मात्र वेगळंच काही म्हणाल्या.

दीड वाजला.
बाहेर नऊ अंश, मांडीवर तवा.
मी पुन्हा चमचा भरला, म्हटलं,
शहाणी ना तू, औषध घे.
तिने बोट वर केलं,
अगदी माझ्यासारखं,
आणि माझ्याच आवाजात मला दटावलं,
"औशद थू! हात नाय लावायचा!
तोंडात नाय घालायचं!"

चमचा तसाच राहिला हातात.

पोळ्याच्या सुमाराला दुकानात आली होती,
काउंटरखाली बसून
हिरव्या झाकणाशी खेळत होती.
मी असा ओरडलो की गिऱ्हाईकं गप्प झाली.
मग महिनाभर रोज झोपताना उजळणी,
औषध? थू!
हात लावायचा? नाय!
पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणून घ्यायचो,
सगळे टाळ्या वाजवायचे.
अजून मी घरी आलो की
तीनदा साबण लावल्याशिवाय तिला उचलत नाही.

आणि संध्याकाळपासून आम्ही तिला
हट्टी म्हणत होतो.
घरात तो धडा तिच्या एकटीच्याच लक्षात होता.

मी फरशीवर बसलो.
झाकणात ओतलं, स्वतः प्यायलो.
स्ट्रॉबेरी कसली, गोड डिंक.
ती माझा चेहरा बघत राहिली,
मग गरम हात माझ्या गळ्यावर ठेवला,
खाली उतरलं का ते पाहायला.
"दुखलं?"
नाही.
"हे काय ए?"
त्या शब्दाने जीभ अडली.
म्हटलं, हे... दुर्वाचं लाल.
"गुलाबी," ती म्हणाली.
हो. गुलाबी.
तिने तोंड उघडलं.

थोडं हनुवटीवर ओघळलं,
सुवर्णाने चमच्याने वर ओढून परत आत घातलं.
चार गेलं असेल, फार तर साडेचार.
असलं माप दुकानात मी कुणाला चालू दिलं नसतं.

आता चार वाजलेत. कपाळाला घाम आलाय.
थोड्या वेळाने शटर वर जाईल,
पहिलंच गिऱ्हाईक म्हणेल,
भाऊ, औषध द्या.
आणि संध्याकाळी मला नवा धडा घ्यायचाय,
दुकानातलं थू, घरातलं गुलाबी,
तेही पप्पाने नाहीतर आईने दिलं तरच,
आणि हिरवं झाकण कध्धीच, कध्धीच नाही.
एका शब्दाचे असे दोन शब्द करून
अडीच वर्षांच्या माणसाला कसे सांगतात,
बागूल डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही.

ती झोपलीय.
तोंड सताड उघडं.